कानाला बसेल असा हेडफोन

६ जानेवारी

औषध कंपन्या दरवर्षी डायऱ्या देतात आणि मी त्या दरवर्षी कुणाला तरी देऊन टाकतो. यंदाची एक ठेवून घेतली. परवा मला साठ वर्षं पूर्ण झाली आणि लेकीनं भेट म्हणून खिशात मावणारा म्युझिक प्लेअर पाठवला. पत्त्यांच्या कॅटाएवढा आहे, पण हातात घेतला की चांगला जड लागतो. मागे सुट्टीत आली होती तेव्हा तिनं घरातल्या सगळ्या तबकड्या आणि कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या, ते सगळं त्यात भरून दिलंय. सोबत चिठ्ठी: "बाबा, आता हॉलमधल्या स्पीकरना जरा सुट्टी दे. हेडफोन तुझ्या पसंतीचा घे. उत्तमातला घे, काटकसर नको."

पोरीला माझ्या सकाळच्या फिरण्याची काळजी. चालता चालता ऐकता यावं असं तिला वाटलं असणार.

ही म्हणाली, "छान आहे. मग हेडफोन आजच आणून टाका ना." एरवी माझ्या प्रत्येक खरेदीत मोडता घालणारी बाई. वयानुसार माणूस मवाळ होतो म्हणतात, ते दिसतंय.

हेडफोन मात्र मी असा घाईनं घेणार नाही. दातांचा डॉक्टर आहे. कवळीसुद्धा पहिल्या मापाला कुणाच्या तोंडात बसवत नाही. ऐकायचं, लिहून ठेवायचं, परत जाऊन ऐकायचं. त्यासाठीच ही डायरी.

कसोटी ठरलेली आहे. कॉलेजात असताना वसतिगृहात आम्ही एका म्हाताऱ्या बासरीवाल्याची तबकडी ऐकायचो. प्रत्येक फुंकरीआधी त्याचा श्वास ऐकू यायचा. छोटासा, घाईचा, जिना चढून आलेल्या माणसासारखा. हल्ली स्पीकरवर तो मला सापडत नाही. स्पीकर जुने झाले. जो हेडफोन तो श्वास ऐकवेल, तो माझा.

११ जानेवारी

दुकान चपलांच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर आहे. जाड पडदे, गालिचा, दोन आरामखुर्च्या, आणि भिंतीवर खुंट्यांना टांगलेले हेडफोन. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या. आधी रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करायच्या. विक्रेत्यासारख्या मागे लागत नाहीत हे आवडलं. मात्र बोलतात फार हळू. गिऱ्हाइकाला पुढे झुकावं लागतं.

पहिला दिला तो कानांवर बसणाऱ्या लाकडी वाट्यांचा. बाई म्हणाल्या, "हा मागून उघडा आहे, डॉक्टर. आवाज डोक्यात कोंडत नाही, समोर कुणी बसून वाजवतंय असं वाटतं. पण याला जोर लागतो. तुमचा प्लेअर खिशातला. याच्यासाठी आवाज बराच वर न्यावा लागेल."

वर नेला. अजून वर नेला. कानांना मऊ लागतो, डोक्यावर ओझं वाटत नाही, सगळं खरं. पण बासरी ऐकली तर कुणी शेजारच्या खोलीत दुलई पांघरून वाजवतंय. श्वास नाही. बाईंना तसं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून हेडफोन घेतला, प्लेअरवरचा आवाज बराच खाली आणला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "आहे की. प्रत्येक वेळी आहे."

आधी प्लेअरकडे पाहिलं त्यांनी, मग माझ्याकडे.

स्टुडिओत जन्म गेलेल्या माणसांना असल्या गोष्टी सवयीनंच ऐकू येतात. मला खरोखर ऐकू यायला हवं.

आणखी दोन ऐकले. एक पोकळ, एक चिकट. (चिकट आवाज म्हणजे काय ते लिहून समजावता येणार नाही, पण होता.) प्लेअरमध्येच दम कमी आहे की काय, अशी शंका येते.

१४ जानेवारी

हेडफोनशी संबंध नसलेली नोंद, पण मनातून जात नाही म्हणून लिहितो. दवाखान्यात सिस्टरवर रागावलो. चौदा-पंधरा वर्षं माझ्याकडे आहे, काम चोख. पण गेली एक-दोन वर्षं तिचा मास्क सारखा हनुवटीवर. मला काही सांगायचं झालं की पहिल्यांदा मास्क खाली ओढते. पेशंटच्या उघड्या तोंडासमोर. आज पेशंट बाहेर गेल्यावर म्हटलं, "सिस्टर, हे चालणार नाही. नियम आपणच मोडायला लागलो तर लोकांनी काय करायचं?"

ती म्हणाली, "बरं, सर." मास्क वर घेतला. मग मास्कच्या आतून आणखी काहीतरी पुटपुटली. मी विचारलं नाही. रागावल्यावर माणूस पुटपुटतोच.

एकूणच लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत. दातांच्या डॉक्टरकडे हे शोभून दिसतं म्हणा. माझे पेशंट तर तोंडात माझा हात असताना बोलायचा प्रयत्न करतात. पण बाकीचे? बँकेतला माणूस, खाली भेटणारे शेजारी. हिनं तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचायचा; आता निवृत्त झाल्यावर तीही पुटपुटते. आणि आधीपेक्षा बोलणंही कमी झालंय. संध्याकाळी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जाते. मी संगीत लावलं की हिचं डोकं दुखतं. संगीताची आवड सगळ्यांना नसते.

१९ जानेवारी

मिळाला.

चंदेरी रंगाचा, मागून बंद, थोडा गच्च बसणारा. बाई तो दाखवायलाच तयार नव्हत्या. म्हणाल्या, "हा बरेच जण परत आणतात, डॉक्टर. वरचे सूर फार टोकदार आहेत. अर्ध्या तासात कान शिणतात." मी म्हटलं, दाखवा तर.

लावला आणि खिडकीची काच पुसल्यासारखं झालं. बासरीला कडा आली. प्लेअरलाही काही जड गेलं नाही. याला जोर लागत नाही, थोड्या आवाजातच खणखणीत बोलतो. आणि एका जागी, दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला, श्वासासारखं काहीतरी. अगदी तोच श्वास असं शपथेवर सांगणार नाही. पण काहीतरी होतं.

पैसे देताना बाईंनी विचारलं, "डॉक्टर, रागावू नका. तुम्ही कान कधी तपासून घेतलेत?"

मी म्हटलं, "बाई, मी रोज दातावर टिचकी मारून आवाजावरून सांगतो दात जिवंत आहे की मेलेला." हे तितकंसं खरं नाही, पण मला राग आला होता. गिऱ्हाईक आपल्यापेक्षा वेगळं निवडतं तेव्हा त्याचे कान खराब, हा कुठला न्याय? त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळून दिली. "पटलं नाही तर महिन्याच्या आत आणा," म्हणाल्या.

२१ जानेवारी

दोन दिवस नुसतं ऐकतोय. आवाज तीन चतुर्थांशावर ठेवला की सगळं जागच्या जागी बसतं. हॉलमध्ये शांतता. हीही खूश असेल, स्पीकर बंद आहेत म्हणून.

आज मात्र ती माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसली, थोडा वेळ पुस्तक वाचलं आणि उठून आत गेली. जाताना काही म्हणाली. मी कानावरची वाटी बाजूला करून "काय?" म्हटलं, तर हातानंच "काही नाही" अशी खूण केली.

२९ जानेवारी

लेकीचा फोन. हेडफोनबद्दल विचारत होती. लाइन खराब. "आईला दे," म्हणाली, तेवढं नीट कळलं. दोघी बराच वेळ बोलत होत्या. हिनं मला नंतर सांगितलं, "काही विशेष नाही." आई आणि लेक तासभर विशेष काही नाही यावर बोलू शकतात.

५ फेब्रुवारी

आज अक्षर वाईट येतंय.

पोस्टातल्या बाई आल्या होत्या, काउंटरवर बसतात त्या. खालच्या दाढेचं मुळापर्यंतचं काम. बधिर करायचं इंजेक्शन दिलं, थांबलो, विचारलं, "बधिर झालं का?" लाळ ओढणारी नळी चालू होती. त्या म्हणाल्या, "झालं." मी असं ऐकलं. ड्रिल लावलं.

त्या खुर्चीतून उसळल्या. ड्रिल सरकलं आणि जिभेच्या कडेला लागलं. बरंच रक्त आलं. मी लगेच थांबवलं, दाबून धरलं, टाका घातला. त्या सगळ्या वेळात त्यांचे डोळे माझ्यावर होते. त्यात राग नव्हता. काय होतं ते मला लिहिता येत नाही.

उठताना त्यांनी रुमालात तोंड धरून, एकेक शब्द सुटा करत, माझ्याकडे तोंड करून सांगितलं, "डॉक्टर, मी 'नाही झालं' म्हणाले. दोनदा म्हणाले."

मी म्हटलं, नळीच्या आवाजात ऐकू आलं नसेल. माफी मागितली. पैसे घेतले नाहीत. त्यांचे यजमान न्यायला आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

नळी तर रोजच चालू असते.

६ फेब्रुवारी

सकाळी पहिला पेशंट येण्याआधी सिस्टरनं दार लावून घेतलं. मास्क काढून हातात धरला आणि माझ्या समोर उभी राहिली.

"सर, काल मीसुद्धा थांबा म्हणाले होते. दोनदा."

"मला ऐकू आलं नाही."

"मास्कमधून तुम्हाला ऐकू येत नाही, सर. म्हणून मी तो खाली करायचे. तुम्हाला ओठ दिसले की कळतं."

मी विचारलं, "किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. त्या दिवशी तुम्ही रागावलात तेव्हाही मी सांगितलं होतं. पण मास्क वर घेऊन सांगितलं." एवढं बोलून ती हसायला लागली आणि मग हसता हसता तिचे डोळे भरले. म्हणाली, "मला नोकरीवरून काढणार असाल तर काढा, पण त्या खुर्चीशेजारी मी आता गप्प उभी राहणार नाही."

मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही. दिवसभराच्या वेळा तिनंच फोन करून पुढे ढकलल्या, मी न सांगता.

घरी आलो. ही स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. म्हटलं, "माझ्या मागे उभी राहा आणि काहीतरी बोल." तिनं का म्हणून विचारलं नाही. हात पुसून माझ्या मागे जाऊन उभी राहिली. मी खिडकीकडे तोंड करून थांबलो. बराच वेळ झाला तेव्हा म्हटलं, "अगं, बोल ना."

"बोलले," मागून आवाज आला, आता मोठ्यानं. "चार-पाच वाक्यं बोलले."

"काय बोललीस?"

"ते आता राहू दे."

वळून पाहिलं तर चष्मा काढून ओढणीनं पुसत होती.

१० फेब्रुवारी

कानांची तपासणी. एक छोटी बंद खोली, भिंतींना फोम, कानांवर साधे काळे हेडफोन. (वाट्या कडक, वायर जाड. बाकी काय लिहिणार?) तज्ज्ञ काचेपलीकडे. सूर ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं.

सुरुवातीला ठीक. मग बराच वेळ काहीच नाही. मी वाट बघत बसलो. वाटलं, मशीन बिघडलं असेल किंवा तो काहीतरी लिहीत असेल. काचेतून त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता आणि त्याचं बोट मशीनच्या बटणावर एकसारखं हलत होतं.

तेव्हा कळलं.

बाहेर आल्यावर त्यानं आलेख दाखवला. डावीकडून सपाट येणारी रेघ मध्येच उतारावर घसरगुंडीसारखी खाली जाते. दोन्ही कानांची सारखीच. म्हणाला, "वरच्या पट्टीतलं तुमच्यापर्यंत फार कमी पोचतं. स, श, फ, च ही अक्षरं अर्धी. उरलेलं तुम्ही ओठांवरून आणि अंदाजानं भरून काढता. चांगलं भरून काढता, म्हणून इतकी वर्षं निभावलं."

ड्रिलमुळे का, असं विचारलं. म्हणाला, वय असेल, ड्रिल असेल, दोन्ही असतील, आता सांगता येणार नाही. मोठ्यानं संगीत ऐकता का? मी गप्प. ही शेजारी बसली होती, तीही गप्प राहिली. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

"माणसाला स्वतःला उशिरा कळतं," तो म्हणाला, "घरच्यांना आधी."

रिक्षात तिला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?" मोठ्यानं, नीट माझ्याकडे वळून ती म्हणाली, "मी तीन वेळा सांगितलं. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात मी पुटपुटते. दुसऱ्यांदा म्हणालात शाळेत ओरडून ओरडून माझाच आवाज बसलाय. तिसऱ्यांदा दोन दिवस बोलला नाहीत. मग मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, निदान घर तरी शांत करू या."

लेकीची चिठ्ठी आठवली. उत्तमातला घे, काटकसर नको. मला वाटलं होतं फिरण्यासाठी.

११ फेब्रुवारी

चंदेरी हेडफोन कपाटात ठेवला.

१२ फेब्रुवारी

पोस्टातल्या बाई टाका दाखवायला आल्या. मला खात्री नव्हती त्या येतील याची. जीभ चांगली भरून आली आहे. मी खुर्ची सरळ केली, मास्क काढला आणि सांगितलं की त्या दिवशी नळीचा दोष नव्हता, मला कमी ऐकू येतं, परवा कळलं, यंत्र मिळणार आहे, आणि दाढेचं उरलेलं काम त्यांनी दुसरीकडे करून घेतलं तर मी सगळे कागद आणि फोटो देईन.

त्यांनी विचारलं, "यंत्र कधी मिळणार?"

"दोन आठवडे लागतील."

"मग दोन आठवड्यांनी येते. काउंटरवर काचेपलीकडून बोलणारी माणसं मला रोज भेटतात. मी खूण ठरवून घेते. माझा हात वर गेला की तुमचा हात थांबला पाहिजे."

सिस्टर म्हणाली, "मीही बघेन हाताकडे."



२७ फेब्रुवारी

श्रवणयंत्रं मिळाली. कानामागे बसतात, करड्या रंगाची, तांदळाच्या दाण्याहून फार मोठी नाहीत असं तज्ज्ञ म्हणाला. हे साफ खोटं आहे, शेंगदाण्याएवढी आहेत.

जग फार कर्कश आहे. कागद चुरगळतो तो फटाक्यासारखा. माझे स्वतःचे बूट. नळ. हे सगळं इतकी वर्षं चालू होतं?

दवाखान्यात ड्रिल हातात घेऊन नुसतं सुरू केलं आणि लगेच बंद केलं. सिस्टर विचारत होती काय झालं. काय सांगणार? मी आजवर पेशंटना म्हणत आलो, नुसत्या आवाजाला काय घाबरायचं. तो आवाज मला गुणगुणण्यासारखा ऐकू यायचा. आज तो दातांतून थेट मणक्यात उतरला. अशा आवाजाखाली लोक गुपचूप तोंड उघडून पडून राहायचे, आणि मी त्यांना भित्रे समजत होतो.

संध्याकाळी चहा घेताना ही कपाटाकडे तोंड करून कप ठेवत होती. म्हणाली, "आता बसतील पेपर घेऊन, दिवा लावायचं नाव नाही."

मी उठून दिवा लावला.

कप हातात धरून ती जागच्या जागी थांबली. मग हळूच म्हणाली, "अरे देवा. आता मला जपून बोलावं लागणार." आणि मग आम्ही दोघंही इतकं हसलो की तिला कप खाली ठेवावा लागला. इतकी वर्षं ही बाई माझ्या पाठीमागे काय काय बोलून मोकळी होत होती, कोण जाणे. विचारलं तर म्हणाली, "बरंच. काही चांगलंही."

५ मार्च

पोस्टातल्या बाईंची दाढ पूर्ण झाली. बधिर झालं का विचारलं, "अजून नाही" असं स्पष्ट ऐकलं, थांबलो. पुन्हा विचारलं. "हं, आता." हात एकदा वर गेला, शिंक येत होती म्हणून. तरीही मी थांबलो.

एका जुन्या पेशंटनं मात्र माझं यंत्र बघून पुढची वेळ रद्द केली. त्याला दोष देत नाही. मीही कदाचित तेच केलं असतं.

८ मार्च

हीच म्हणाली, "हेडफोन कपाटात कशाला ठेवलात? परत तरी करा, नाहीतर ऐका तरी." महिन्याची मुदत केव्हाच गेली, म्हटलं. "मग विचारून येऊ," म्हणाली. येऊ. ती याआधी कधी त्या दुकानाचा जिना चढली नव्हती.

दुकानवाल्या बाईंनी माझ्या कानामागे पाहिलं आणि त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मीच म्हटलं, "तुम्ही विचारलं होतंत. मी रागावलो." त्या म्हणाल्या, "सगळेच रागावतात. स्टुडिओतले वादक तर फार."

यंत्र लावून वर चंदेरी घातला तर यंत्रातून शिट्टी वाजली. यंत्र काढून घातला आणि त्यांनी माझा आलेख मागून घेऊन पाहिला. जरा वेळानं म्हणाल्या, "तुम्हाला जे कमी ऐकू येतं, नेमकं तेच हा जास्त देतो. म्हणून इतरांना बोचतो आणि तुम्हाला बरा वाटतो. यंत्र काढून हाच वापरा. फक्त आवाज इथपर्यंत," त्यांनी प्लेअरवर कमाल मर्यादा बसवून दिली. "डॉक्टर, चुकून का होईना, बरोबर निवडलात."

तेवढ्यात पाहिलं तर ही दुसऱ्या खुर्चीत लाकडी हेडफोन घालून बसली होती. कुणी दिला नव्हता, तिनंच खुंटीवरून काढला. डोळे मिटलेले. मी हाक मारली तर डोळे न उघडताच म्हणाली, "ऐकू येतंय मला तुमचं. यातून बाहेरचंही येतं. थांबा जरा."

आम्ही थांबलो. तुकडा संपेपर्यंत थांबलो.

"मला संगीत आवडत नाही असं कोण म्हणालं तुम्हाला?" हेडफोन काढून ती म्हणाली. "मला ते एवढ्या मोठ्यानं आवडत नाही."

बाईंनी खणातून एक छोटी वायर काढली, एका टोकाला दोन फाटे. "एका प्लेअरला दोन्ही लागतील. लाकडीला जोर लागतो, चंदेरीला लागत नाही. तुम्ही दोघांनी एकच आवाज ठेवलात तरी डॉक्टरांना मोठं वाजेल आणि तुम्हाला हळू. वेगळं काही करावं लागणार नाही."

मी दोन्ही हेडफोनकडे आळीपाळीनं पाहिलं. हेडफोन निवडताना मी आवाज, वजन, वायर, वाट्या सगळं तपासलं होतं. दोन माणसांचा विचार केला नव्हता.

लाकडी महाग आहे. ही किमतीची चिठ्ठी बघायला लागली तेव्हा मी ती उलटी करून ठेवली.

९ मार्च

रविवार असता तर बरं झालं असतं, पण सोमवार असून मी दुपारचे पेशंट लवकर आटोपले.

फाट्याच्या वायरी आखूड आहेत. समोरासमोरच्या खुर्च्यांवर बसून जमेना, म्हणून हॉलमधला जुना सोफा खिडकीजवळ ओढला. तिनं एक बाजू धरली, मी दुसरी. मधल्या उशीवर प्लेअर. मी यंत्रं काढून डबीत ठेवली.

आधी बासरी लावली. तिनं पूर्ण ऐकली, सौजन्यानं. मी या वेळी श्वास शोधत बसलो नाही. मग प्लेअर हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ खाली खाली सरकत गेली आणि एका जागी थांबली. नाचाच्या बँडची कॅसेट, ट्रंपेट आणि अकॉर्डियनची. प्लेअरमध्ये ती मी आधीही पाहिली होती आणि लेकीनं चुकून भरली असं समजून पुढे गेलो होतो. तिची आहे, लग्नाआधीची. घरात कुठल्याशा पेटीत होती इतकी वर्षं.

ट्रंपेट सुरू झाला तशी तिची चप्पल पायावर हलायला लागली. मी तिच्याकडे पाहत होतो हे तिला कळत होतं, पण तिनं पाय थांबवला नाही. मध्येच ती काहीतरी बोलली. माझी यंत्रं डबीत, कानांवर चंदेरी, मला एक शब्द कळला नाही. तिनं ते ओळखलं, वाटी माझ्या कानावरून जरा उचलली, अगदी जवळ येऊन म्हणाली, "मी यावर नाचलेय. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात. बक्षीस मिळालं होतं." आणि वाटी परत बसवून दिली.

ते संगीत मला फारसं आवडलं नाही, खरं तेच लिहितो. ट्रंपेटवाला जरा जास्तच हौशी आहे आणि ढोल ठेक्याच्या पुढे पळतो. संपल्यावर तिनं बोटानं खूण करून विचारलं, पुन्हा?

मी म्हटलं, लाव.